मूलाँ रूज, लास वेगास : सहा महिन्यांच्या आत बंद पडलेल्या कॅसिनो हॉटेलाचा इतिहास कसा सांगावा?

करवीरवाचक (कोल्हापूर) यांचा प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने ‘सार्वजनिक जागा आणि समता’ या विषयावर काही व्याख्याने ठरवली आहेत. पहिले व्याख्यान अर्थातच भाऊसिंगजी रस्त्यावरच्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलावर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांना पाण्याच्या हौदावरून मारहाण झाली. पुढे महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा सुरू करण्यास साहाय्य केले आणि सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही हे कळल्यावर स्वतः आपली गाडी तिथे थांबवून चहा घेतला व बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. ही हकीकत कोल्हापुरात लहानपणापासून ऐकली जाते, त्यामुळे त्या व्याख्यानाला श्रोत्यांची तयारी असतेच.

माझ्याकडे परदेशातले एक उदाहरण मांडण्याचे काम आले आहे आणि मी अमेरिकेतील लास वेगासचे ‘मूलाँ रूज’ हे कॅसिनो हॉटेल निवडले आहे. ते २४ मे १९५५ रोजी सुरू झाले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना एकाच दिवाणखान्यात, एकाच टेबलावर बसवणारे त्या शहरातले ते पहिले मोठे कॅसिनो हॉटेल होते. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते बंद पडले. १९६० साली त्याच वास्तूत झालेल्या बैठकीनंतर शहरातील बहुतेक कॅसिनोंनी वर्णभेदाचा नियम सोडला, आणि ‘मूलाँ रूज करार’ हे नाव इतिहासात राहिले.

अडचण अशी आहे की या हॉटेलाविषयी जे लिहिलेले सापडते, त्यातले बरेचसे लेखन त्याच्या रंगीत रात्रींविषयीच आहे. कोण गायक येऊन गेले, कोणत्या नर्तिका होत्या, पहाटेपर्यंत मैफल कशी चालायची, हे सगळे रसाळ आहे, परंतु त्यातून एवढ्या गर्दीचे हॉटेल इतक्या लवकर का बुडाले आणि पाच वर्षांनंतरच्या कराराशी त्याचा खरा संबंध किती, हे कळत नाही. आमचे श्रोते चौकस आहेत. ‘गर्दी होती तर बंद का पडले?’ हा प्रश्न पहिल्याच पाच मिनिटांत येईल. शिवाय गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाशी त्याची तुलना करणे कितपत योग्य ठरेल, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

पंचगंगातीर यांचे उत्तर

विषय चांगला निवडला आहे. माझी सूचना अशी की व्याख्यानाची सुरुवात हॉटेलाच्या उद्घाटनापासून करू नये. तोपर्यंत त्या शहराची विभागणी कशी झाली होती हे श्रोत्यांपुढे आले नाही, तर एका टेबलावर बसण्याचे मोल त्यांच्या ध्यानात येणार नाही.

नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. मंदीच्या त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणावर हजारो मजूर होते, पण त्यांत कृष्णवर्णीय अगदी थोडे घेतले गेले. दुसऱ्या महायुद्धात मात्र जवळच्या हेंडरसन येथे मॅग्नेशियमचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि त्यासाठी दक्षिणेतील आर्कान्सासमधील फोर्डाइस, लुइझियानातील टॅलुला अशा गावांतून कृष्णवर्णीय कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने वेगासला आली. त्यांची संख्या वाढली तसा भेदही वाढला, ही गोष्ट आवर्जून सांगावी. आधी गावठाणात ज्या कृष्णवर्णीयांची छोटी दुकाने व खाणावळी होत्या, त्यांचे परवाने नूतनीकरणाच्या वेळी अडवले गेले आणि रेल्वेरुळांच्या पलीकडच्या ‘वेस्टसाइड’ या वस्तीत जाण्याची अट त्यांच्यापुढे ठेवली गेली. म्हणजे ही वस्ती आपोआप वेगळी पडली नव्हती, नगरपालिकेच्या टेबलावर ती वेगळी पाडली गेली. तिथे पन्नाशीच्या दशकापर्यंत धड पक्के रस्ते नव्हते की सांडपाण्याची नीट सोय नव्हती. मिसिसिपी हे दक्षिणेतले वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध राज्य, आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक वेगासला ‘पश्चिमेतली मिसिसिपी’ म्हणत, ते याच अनुभवावरून.

दुसरीकडे लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर, ज्याला पुढे ‘स्ट्रिप’ हे नाव पडले, १९४१ साली एल रँचो वेगास, १९४२ साली लास्ट फ्रंटियर आणि १९४६ च्या डिसेंबरात फ्लेमिंगो ही हॉटेले उभी राहिली. या हॉटेलांच्या रंगमंचावर सॅमी डेव्हिस ज्युनियर, लीना हॉर्न, नॅट किंग कोल यांसारखे कृष्णवर्णीय कलावंत गात. पाटीवर त्यांची नावे मोठ्या अक्षरांत झळकत आणि तिकिटे त्यांच्याच नावावर खपत. परंतु कार्यक्रम संपल्यावर त्याच हॉटेलात जेवायला किंवा झोपायला त्यांना साधारणपणे मज्जाव होता. त्यांनी वेस्टसाइडमधल्या घरगुती खोल्यांमध्ये मुक्काम करायचा, असा रिवाज होता. सामान्य कृष्णवर्णीय माणसाला तर कॅसिनोत गिऱ्हाईक म्हणून प्रवेशच नव्हता. तो आत जाई तो स्वयंपाकघरात, धोबीखान्यात किंवा खोल्या झाडण्यासाठी, आणि तोही मागच्या दाराने.

कृष्णवर्णीय कलावंत पोहायला उतरला म्हणून तलावातले पाणी उपसले, ही गोष्ट आपल्या वाचनात आली असेल. ती वेगवेगळ्या कलावंतांच्या आणि वेगवेगळ्या हॉटेलांच्या नावावर सांगितली जाते, म्हणून ती घटना म्हणून मांडू नये. तिच्याशिवायही पुरावा भरपूर आहे, आणि एखादी गोष्ट संशयास्पद निघाली की श्रोते बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेऊ लागतात.

या पार्श्वभूमीवर वेस्टसाइडच्या कडेला, बोनान्झा रस्त्यावर, मूलाँ रूज उभे राहिले. खर्च सुमारे ३५ लाख डॉलर, खोल्या ११०. मुख्य भांडवलदार गोरे होते. हेवीवेट मुष्टियुद्धाचा माजी विश्वविजेता जो लुई याचा त्यात लहान वाटा होता, आणि दारात पाहुण्यांचे स्वागत करायला तो स्वतः उभा राही. इमारतीवरची नागमोडी अक्षरांची पाटी बेट्टी विलिस यांनी आखली. लास वेगासच्या वेशीवरची जगभर छायाचित्रांत दिसणारी स्वागताची पाटीही पुढे त्यांनीच आखली. रात्री अडीचच्या सुमारास इथे तिसरा खेळ सुरू होई. स्ट्रिपवरचे कार्यक्रम तोवर संपलेले असत, त्यामुळे तिथले गोरे आणि कृष्णवर्णीय कलावंत, वाद्यवृंदातले वादक, नर्तिका आणि त्यांच्यामागून त्यांचे चाहते असे सगळे इथे येऊन एकत्र बसत.

माझ्या दृष्टीने मैफलीपेक्षाही मोठी गोष्ट नोकऱ्यांची आहे. पत्ते वाटणारे, टेबलांवर वाढणारे, पाहुण्यांची व्यवस्था पाहणारे, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर उभे राहणारे कर्मचारी इथे कृष्णवर्णीय होते. इथला निवेदक विल्यम ‘बॉब’ बेली पुढे नेवाडाच्या समान हक्क आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याची पत्नी ॲना बेली, जी इथे नर्तिका होती, ती पुढे स्ट्रिपवर नाचणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय नर्तिकांपैकी एक ठरली. हॉटेल बंद पडले तरी त्यातून बाहेर पडलेली माणसे शहरातच राहिली, आणि त्यांनी पुढे काय केले याचा माग काढला तर आपल्या व्याख्यानाला खरा आधार मिळेल.

हॉटेलचालक_शाहूपुरी यांचे उत्तर

मी या व्यवसायात असल्यामुळे ‘गर्दी होती तर बंद का पडले?’ या एकाच प्रश्नापुरते लिहितो.

कॅसिनो हॉटेलाचा हिशेब आपल्या लॉजिंग-बोर्डिंगसारखा नसतो. त्या काळी वेगासमध्ये खोली स्वस्त, जेवण स्वस्त आणि करमणूक जवळजवळ फुकट देत, कारण हा सगळा खर्च जुगाराच्या टेबलांवरून भरून काढायचा असे. म्हणून दालन भरलेले असणे पुरेसे नाही. त्यातली किती माणसे टेबलावर बसून मोठी रक्कम लावतात, याला महत्त्व असते. मध्यरात्रीनंतर गाणे ऐकायला आलेले कलावंत आणि शौकीन हॉटेलाची कीर्ती वाढवतात, गल्ला मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. याला दुसरी बाजू अशी की कॅसिनोच्या तिजोरीत नेहमी मोठी रोकड ठेवावी लागते. एखाद्या रात्री दोन-तीन गिऱ्हाइके मोठी रक्कम जिंकून गेली तर ती तिथल्या तिथे द्यावी लागते. ज्याचे भांडवल इमारतीतच संपले आहे, त्याला अशी एखादी रात्र मोडून टाकू शकते. त्यात ११० खोल्या म्हणजे त्या शहराच्या मानाने लहान हॉटेल.

आता वर्ष पाहा. १९५५ च्या एप्रिलमध्ये न्यू फ्रंटियर, रॉयल नेवाडा आणि रिव्हिएरा ही तीन हॉटेले दारे उघडून बसली. २३ मे रोजी ड्यून्स सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी मूलाँ रूज. दोन महिन्यांत पाच नवी हॉटेले, आणि येणारा प्रवासी मात्र एका वर्षात तेवढ्या पटीने वाढत नाही. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या २० जून १९५५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर मूलाँ रूजच्या नर्तिका होत्या. या मुखपृष्ठाचा उल्लेख हॉटेलाच्या यशाची खूण म्हणून सगळीकडे होतो. परंतु त्याच मुखपृष्ठावर वेगासची भरभराट प्रमाणाबाहेर गेली आहे काय, असा प्रश्न छापलेला होता. धोका तेव्हाच उघड दिसत होता.

त्या वर्षी सुरू झालेली बहुतेक हॉटेले अडचणीत आली. रिव्हिएराचा कारभार काही महिन्यांतच फ्लेमिंगो चालवून दाखवलेल्या गस ग्रीनबॉमच्या गटाकडे गेला. ड्यून्स काही काळ सँड्स या दुसऱ्या हॉटेलाच्या मंडळींनी चालवायला घेतले. रॉयल नेवाडा १९५८ च्या सुरुवातीला बंद झाले. त्यामुळे ‘फक्त मूलाँ रूज बुडाले, म्हणजे समतेचा प्रयोग बुडाला’ असा निष्कर्ष काढणे हिशेबाला धरून नाही. तोटा सर्वांनाच होत होता.

फरक त्यानंतरचा आहे, आणि माझ्या मते आपल्या व्याख्यानातला महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. रिव्हिएरा आणि ड्यून्स यांना सावरायला पैसेवाले आणि अनुभवी लोक पुढे आले. परिणामी ड्यून्स १९९३ पर्यंत आणि रिव्हिएरा २०१५ पर्यंत उभे राहिले. मूलाँ रूजच्या मदतीला मात्र असे कोणी आले नाही, आणि त्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज झाला. स्ट्रिपच्या मालकांनी आपल्या कलावंतांना व कर्मचाऱ्यांना तिकडे जाण्यास बंदी केली होती, असे वेस्टसाइडमध्ये सांगत. त्या बंदीने गल्ल्यावर किती परिणाम झाला हे मोजता येत नाही, परंतु नवे भांडवल न मिळणे हे तर सरळ दिसते. वर्णभेद अडचणीच्या वेळी कर्ज आणि भागीदार मिळण्यातही काम करतो. आपल्याकडेही ज्याला बाजारात उधारी मिळत नाही त्याचे दुकान पहिल्या मंदीतच बंद होते, मग माल कितीही चांगला असो.

सावित्री_राजारामपुरी यांचे उत्तर

मला या चर्चेत एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते. मी अनेक वर्षे महिला बचतगटांबरोबर काम करते आणि मटक्याने व पत्त्यांच्या अड्ड्यांनी उद्ध्वस्त केलेली घरे जवळून पाहिली आहेत. राजर्षींच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या चहाच्या हॉटेलाच्या शेजारी जुगाराच्या हॉटेलाला बसवायचे, हे मनाला पटत नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व कर यासाठी कायदा केला, पण तो कधीच अंमलात आणला नाही, आणि २०२३ साली तो रद्दच केला. शेजारच्या गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार चालू दिला, आणि आज मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर आपल्या जिल्ह्यातली तरुण मुलेसुद्धा जातात. अशा वेळी व्याख्यानातून कॅसिनोचे कौतुक होत आहे असा समज व्हायला नको.

आणखी असे की मूलाँ रूजचे मालक नफ्यासाठीच आले होते. वेस्टसाइडच्या लोकांकडे खर्चायला पैसा आहे आणि तो घेणारे हॉटेल नाही, हे त्यांनी हेरले. यात अपराध नाही, परंतु शाहू महाराजांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावून केलेल्या कृतीशी त्याची बरोबरी करता येणार नाही.

करवीरवाचक यांचे उत्तर

सावित्रीताई, आपला आक्षेप मी पूर्णपणे समजून घेतो आणि व्याख्यानात तो आपल्याच शब्दांत मांडेन. माझा विचार असा होता की वर्णभेदाचा विरोध शाळा, देऊळ, पाणवठा अशा पवित्र किंवा आवश्यक मानलेल्या जागांपुरता ठेवला, तर करमणुकीच्या आणि धंद्याच्या जागांतला अपमान दुय्यम ठरतो. ज्या शहरातल्या बहुतेक चांगल्या नोकऱ्या कॅसिनोतच होत्या, तिथे कॅसिनोचे दार बंद असणे म्हणजे चांगल्या पगाराचे दार बंद असणे होते. जुगार वाईट आहे असे मानणाऱ्यालाही तिथल्या वाढप्याच्या नोकरीतला भेद वाईटच वाटला पाहिजे.

आता १९६० च्या कराराविषयी कोणी लिहील काय? हॉटेल बंद पडून चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर बैठक तिथेच का झाली, हे मला अजून उलगडलेले नाही.

वकील_भवानीमंडप यांचे उत्तर

कराराची हकीकत थोडक्यात सांगतो आणि मग तुलनेविषयी जे वाटते ते लिहितो.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानाच्या केवळ गोऱ्यांसाठीच्या उपाहार-काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. तिथून देशभर धरणे आंदोलने सुरू झाली. लास वेगासमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या शाखेचे अध्यक्ष डॉ. जेम्स मॅकमिलन होते. ते शहरातले पहिले कृष्णवर्णीय दंतवैद्य. त्यांनी मार्चमध्ये महापौर ओरान ग्रॅगसन यांना पत्र लिहून मुदत दिली : २६ मार्चपर्यंत सार्वजनिक जागांमधला भेद संपला नाही, तर स्ट्रिपवर मोर्चा निघेल. ज्या शहराचे सगळे उत्पन्न पर्यटकांवर आहे, तिथे कॅसिनोंच्या दारात मोर्चा, पोलीस आणि देशभरच्या वृत्तपत्रांचे छायाचित्रकार एकत्र येणे म्हणजे काय, हे मालकांना समजावून सांगावे लागले नाही. मॅकमिलन यांना धमक्या आल्या, परंतु त्यांनी मुदत मागे घेतली नाही.

शेवटी ‘लास वेगास सन’ या वृत्तपत्राचे प्रकाशक हँक ग्रीनस्पन यांनी मध्यस्थी केली. २६ मार्चला मूलाँ रूजमध्ये बैठक झाली. राज्यपाल ग्रँट सॉयर, महापौर, पोलीस अधिकारी आणि संघटनेचे नेते एकत्र बसले, आणि बहुतेक हॉटेलांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना प्रवेश देण्याचे मान्य केल्याचे जाहीर होऊन मोर्चा रद्द झाला. मालकांची संमती आपल्याला बैठकीआधीच कळली होती, असे मॅकमिलन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. त्यामुळे बैठकीतल्या वाटाघाटींपेक्षा त्याआधीच्या दबावाला अधिक श्रेय द्यावे लागते. दोन-चार ठिकाणांनी तरीही नकार दिला. नोकऱ्यांतला भेद तर त्यानंतरही चालूच राहिला, आणि १९७१ साली न्यायालयात झालेल्या समझोत्यानंतरच हॉटेले व कामगार संघटनांवर भरतीचे बंधन आले. ‘एका बैठकीत वर्णभेद संपला’ असे म्हणू नये, ही माझी आग्रहाची सूचना.

बैठक तिथेच का, याचे उत्तर साधे आहे. राज्यपाल आणि कृष्णवर्णीय दंतवैद्य यांनी एकमेकांसमोर बसून कॉफी घ्यावी आणि त्यात कोणालाच संकोच वाटू नये, अशी दुसरी नावाजलेली जागा शहरात जवळजवळ नव्हती. म्हणून हॉटेलामुळे करार झाला असे मला म्हणता येत नाही. करार संघटनेमुळे आणि मोर्चाच्या भीतीमुळे झाला. परंतु अशा कराराला बसायला जागा लागते, आणि ती १९५५ सालीच तयार झालेली होती.

आता गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाशी तुलना. साम्य आहे ते इतकेच की दोन्हीकडे एकत्र खाण्यापिण्याला सामाजिक कृतीचे मोल आले. भेद मोठा आहे. कोल्हापुरात राज्यकर्ताच पुढाकार घेत होता. १९०२ चा राखीव जागांचा आदेश, १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने सर्वांना खुले करण्याचे आदेश, १९२० ची माणगाव परिषद, या सगळ्यांच्या बरोबर तो चहा येतो. गंगारामांच्या हॉटेलावर गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला तेव्हा त्यांच्यामागे राज्य उभे राहिले. वर हॉटेलचालक बंधूंनी जे लिहिले आहे त्याच्याशी हे जोडून पाहा : मूलाँ रूजला जे पाठबळ मिळाले नाही, नेमके तेच इथे मिळाले. वेगासमध्ये राज्यपाल आले ते पाच वर्षांनी आणि मोर्चाची तारीख उगवल्यावर. मी तुलना करीन ती या एका मुद्द्यावर, दोन्ही हॉटेले सारखीच होती असे दाखवण्यासाठी नाही.

कायद्याच्या बाजूने एक योग आपल्याला उपयोगी पडेल. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात असलेल्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे लिहिले आहे. अमेरिकेत हॉटेलांना आणि करमणुकीच्या जागांना लागू होणारी अशी स्पष्ट देशव्यापी तरतूद १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आली. आणि १ जून १९५५ रोजी, म्हणजे मूलाँ रूज उघडल्यावर आठ दिवसांनी, आपल्याकडे अस्पृश्यता (अपराध) अधिनियम लागू झाला. हॉटेलात प्रवेश नाकारणे हा त्याने शिक्षापात्र गुन्हा ठरला. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे होतो. परंतु त्यानंतरही खेड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर वेगळी कपबशी किती वर्षे राहिली, हे सभागृहातल्या वयस्कर श्रोत्यांना विचारावे. त्यांची उत्तरे आपल्या व्याख्यानापेक्षा जास्त वजनदार असतील, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

पंचगंगातीर यांचे उत्तर

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून इमारतीचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण हा प्रश्नही येईल.

हॉटेल नंतर अनेक हातांतून गेले आणि कधी चालू, कधी बंद असे राहिले. १९८०च्या दशकात सॅरन नाइट-प्रेडी यांनी, ज्या नेवाडात जुगाराचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला म्हणून ओळखल्या जातात, आपल्या कुटुंबासह ते हाती घेतले. ते पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी फार धडपड केली. १९९२ साली वास्तूची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली, पण दुरुस्तीला लागणारे भांडवल काही उभे राहिले नाही. म्हणजे १९५५ ची अडचण पस्तीस वर्षांनीही सुटलेली नव्हती. २००३ च्या मे महिन्यात आग लावल्याने इमारतीचा मोठा भाग जळाला. २००९ च्या मे महिन्यात पाटी उतरवून शहरातल्या निऑन संग्रहालयाकडे नेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच पुन्हा आग लागली. उरलेला भाग २०१० साली पाडण्यात आला. पाटी दुरुस्त करून २०२० साली संग्रहालयात पुन्हा लावली गेली आहे, आणि तिची छायाचित्रे सहज मिळतात.

ही राष्ट्रीय सूची सन्मान देते, खासगी मालकाला इमारत पाडण्यापासून रोखण्याची ताकद तिच्यात नसते. हे श्रोत्यांना सांगावे, कारण आपल्याकडेही वारसास्थळांच्या यादीत नाव आले की काम झाले असे समजण्याची सवय आहे. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आजचाच आहे.

करवीरवाचक यांचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. मांडणीचा क्रम आता असा ठेवतो : वेस्टसाइड कशी वेगळी पाडली गेली, मग हॉटेल आणि तिथल्या नोकऱ्या, मग १९५५ चा हिशेब आणि पाठबळाचा मुद्दा, आणि शेवटी १९६० ची मुदत व करार. मैफलींना पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणार नाही. सावित्रीताईंचा आक्षेप मध्यंतरानंतर चर्चेसाठी ठेवतो. त्यांनी स्वतः येऊन तो मांडला तर फारच चांगले होईल. अनुच्छेद १५(२) आणि १९५५ च्या अधिनियमातील कलमे मराठीत छापून प्रत्येक श्रोत्याला देण्याची व्यवस्था करतो. वकीलसाहेबांनी तो मजकूर एकदा नजरेखालून घालावा, अशी विनंती आहे.